ताईच्या खुर्चीचं मत

वाहिनीवाल्या साहेबांनो, गुन्हा तुमचा आहे. आडून आडून बोलण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं. एका गेलेल्या बाईला तुम्ही तुमच्या कार्यक्रमात बोलायला लावलंत. तिच्या घरच्यांना विचारलं नाहीत. आणि वर तिच्या बोलण्याच्या मधोमध अंगाच्या साबणाची जाहिरात घुसवलीत! त्या साबणाने म्हणे अंग उजळतं. ज्या घरात तो आवाज ऐकला गेला त्या घरातली झाडून सगळी माणसं पांढरीफटक पडली होती, तीही साबण न लावता.

आता तुम्ही म्हणाल, कोणती बाई, कसला आवाज. हात वर करण्याचाच तुमचा धंदा. म्हणून पहिल्यापासून ऐका, आणि ऐकताना मधेच ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायला कुणाला पाठवू नका.

भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून जबड्यांची मापं येतात, त्यांवर हा प्लास्टर ओततो, आणि घराच्या मागच्या खोलीत फळ्यांवर लोकांची तोंडं ओळीने मांडून ठेवतो. नुसती तोंडं. वर माणूस नाही, खाली माणूस नाही. दिवेलागणीनंतर त्याची बायको त्या खोलीत पाय ठेवत नाही. ‘अहो, ते सगळे एकदम काहीतरी म्हणतील असं वाटतं हो,’ म्हणते. भाऊ हसायचा. माणसाचं तोंड आतून बघितलं की भुताची भीती उरत नाही, असं त्याचं ठाम मत. भुताला काय, फार तर चेहरा वाईट असेल. हिरड्या तर नसतील?

भुतांवर जीव होता तो ताईचा. ताई म्हणजे भाऊची थोरली बहीण, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची. आणि ‘भिंतीकडे तोंड’ ही तुमची मालिका सुरू झाल्यापासून तर तिने दुसरं काही मनावर घेणंच सोडलं. कथा तुम्हीच रचलीत, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं! पण इतरांसाठी सांगतो: एक मोठं घर, त्या घराची मालकीण मेलेली, आणि मेल्यावरही ती घरात कुठे ना कुठे भिंतीकडे तोंड करून उभी. कधी स्वयंपाकघरात, कधी पाळण्याच्या खोलीत. घट्ट बांधलेला अंबाडा आणि पाठ. चेहरा म्हणून दाखवला नाहीत तुम्ही. महिनोन्महिने एका पाठीवर तुम्ही सगळ्या लोकांना टांगून ठेवलंत.

ही मालिका सगळे मिळून बघायचे मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी. निवृत्त झाल्या तरी शाळा त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. टीव्ही मोठा त्यांचाच, आणि माणसांना गप्प बसवायची ताकदही त्यांचीच. मंडळ छोटं होतं: त्या स्वतः, पहिल्या मजल्यावरचे वकील, समोरच्या दारातले विमावाले, भाऊ, भाऊची बायको आणि ताई. भाग संपला की बाई टीव्ही बंद करायच्या, दिवा लावायच्या, आणि चर्चा सुरू. एकेकाने बोलायचं, मधे तोंड घालायचं नाही, शेवटी हात वर करून त्या भागाचा निकाल लावायचा. आणि एक नियम होता, बाईंनी शाळेच्या बैठकांतून उचललेला. जो आला नसेल त्याची खुर्ची तशीच ठेवायची, आणि त्या खुर्चीच्या डाव्या हाताला बसलेल्याने त्याचं मत मांडायचं. स्वतःचं नव्हे, त्याचं. विमावाल्यांना ताप आला की वकील विमावाल्यांसारखं बोलायचे. फार मजा यायची.

मग ताई गेली. गच्चीवर ओले कपडे झटकता झटकता खाली बसली ती उठलीच नाही.

काही काळ टीव्ही बंद राहिला. पण भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईला किती दिवस तसंच उभं ठेवणार? मंडळ परत जमलं, तेव्हा ताईची खुर्ची जागच्या जागी होती. कुणीतरी उचलायला हात लावला तर वकील म्हणाले, “थांबा. त्यांचं सभासदत्व रद्द झाल्याचा ठराव कुठे झालाय?”

“अहो, पण त्या गेल्या,” विमावाले म्हणाले.

“म्हणजे गैरहजर,” वकील म्हणाले. “गैरहजर सभासदासाठी नियम आहे.”

खुर्चीच्या डाव्या हाताला भाऊ बसायचा. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. भाऊने घसा खाकरला. “ताई म्हणाली असती की—”

“‘असती’ नको,” मुख्याध्यापिकाबाईंनी टोकलं. “नियमात बसत नाही. ‘ताईचं म्हणणं’ असं म्हणा.”

तेव्हापासून भाऊ, ज्याने उभ्या आयुष्यात भुतावर विश्वास ठेवला नव्हता, तो दर भागाला एका रिकाम्या खुर्चीच्या वतीने बोलू लागला. आधी अडखळत. मग सरावाने. पुढे पुढे ताईचे हातवारेही आपोआप यायला लागले. बायकोने एकदा घरी जाताना त्याला कोपराने ढोसलं. “अहो, तुम्ही बोलत होतात तेव्हा मी खुर्चीकडे बघत होते, तुमच्याकडे नाही. बरं नाही वाटत हे.”

त्यानंतर तो कानाचा भाग आला. तुम्हाला आठवतोच. भिंतवालीने मान किंचित वळवली आणि पहिल्यांदाच तिचा एक कान दिसला. रिकामा, कुडी नसलेला. इकडे मंडळात रणकंदन.

“कान दिसला म्हणजे चेहरा आहे,” वकील म्हणाले. “चेहरा आहे म्हणजे इसम आहे. इसम आहे म्हणजे तिची साक्ष घेता येते.”

“ती मेलीय हेच कुठे सिद्ध झालंय?” विमावाले उसळले. “मृत्यूचा दाखला दाखवलाय का एका तरी भागात? माझ्याकडे असल्या केस येतात. पाठ दाखवून पैसे मागायला येतात लोक.”

“मला एक कळत नाही,” भाऊची बायको म्हणाली. “पाय नाही दुखत का हो तिचे? किती भाग झाले, उभीच आहे बिचारी.”

“मुद्दा पायांचा नाही!” मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावर बोट वाजवलं. “मुद्दा हा, की तिने कान कुणासाठी उघडा ठेवलाय? भाऊ, ताईचं म्हणणं?”

भाऊच्या तोंडातून निघून गेलं, विचार न करता, “ताईचं म्हणणं, तिला कुणीतरी हाक मारायला हवीय. घरातल्यांनी हाक मारायचंच सोडलं. सांगा, ती वळेल कशासाठी?”

त्या भागाचा निकाल ताईच्या बाजूने लागला.

पुढच्या भागाआधी तुम्ही तो ‘प्रेक्षकांचा कौल’ लावलात. लोकांनी फोनवर सांगितलेली मतं एकामागून एक. एक कुणी काका, एक कुणी शिक्षक, एक चिडलेली नवरी. आणि मग तुमची ती निवेदिका गालाला खळी पाडून म्हणाली, आता ऐकू या एका ताईंचं मत.

“सरळ आहे,” आवाज म्हणाला. “तिला कुणीतरी हाक मारायला हवीय. घरातल्यांनी हाक मारायचंच सोडलं—”

इथे साबण.

साबण संपेपर्यंत मंडळात कुणी श्वास घेतला असेल तर तो चोरून. मग आवाज परत आला. “सांगा, ती वळेल कशासाठी?”

प्रत्येक ‘स’ला एक बारीकशी शीळ. दाराच्या फटीतून वारा आल्यासारखी.

ती शीळ भाऊने घडवली होती, साहेबांनो. आता हे कारागिरीचं आहे, तुम्हाला कळायचं नाही, तरी सांगतो. ताईच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून फट होती. दात गेले, भाऊने तिला कवळी करून दिली, सुरेख, एकसंध, हारासारखी. ताईने आरशात बघितलं आणि ती काढून त्याच्या हातावर ठेवली. “हे दुसऱ्या कुणाचं तरी तोंड आहे, धाकट्या. माझी फट घाल.” भाऊने लाख सांगितलं की शिट्टी वाजेल. वाजू दे म्हणाली. मग त्याने कानस घेऊन चांगल्या दातांत फट पाडली. दवाखान्यातला डॉक्टर हसून लोळला होता. अशी कवळी जगात दुसरी नाही, कारण अशी मागणारी बाई जगात दुसरी नव्हती.

“जुनं रेकॉर्डिंग असेल,” विमावाले हळूच म्हणाले.

“कान तर गेल्या भागात दिसला,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. “आणि ताई त्याच्या कितीतरी आधी...”

सल्ल्यांना तोटा नव्हता. वकील म्हणाले, नोटीस ठोका, आवाजावर वारसाचा हक्क असतो. विमावाले म्हणाले, कुणाला सांगू नका, मेल्यानंतर माणूस बोलतंय असं कळलं तर कंपनी सगळी जुनी प्रकरणं उकरून काढेल. आणि मुख्याध्यापिकाबाई बराच वेळ भाऊकडे चष्म्यावरून बघत राहिल्या, ज्या नजरेने त्यांनी हजारो मुलांची नक्कल पकडली असेल त्या नजरेने.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “शब्द न् शब्द तुमचा होता.”

“माझा नाही. ताईचा.”

“म्हणजे तुमचाच. इथे तुम्हीच बोलला होतात. आणि शीळ कशी वाजते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?”

भाऊच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोठा माणूस, केस पिकलेला, आणि त्याच्यावर आळ काय, तर हा बहिणीचा आवाज काढून टीव्हीवाल्यांना फोन करतो! घरी येऊन तो मागच्या खोलीत गेला आणि फळ्यांवरची तोंडं उगाच इकडची तिकडे मांडत बसला. सगळी तोंडं उघडी होती. सगळी जणू ‘स’ म्हणायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी त्याने तुमच्या प्रेक्षक-कक्षाला फोन लावला. आधी बाजा वाजला. मग एक यंत्र म्हणालं, कथेबद्दल मत देण्यासाठी एक दाबा, भुताबद्दल मत देण्यासाठी दोन दाबा. भाऊने दोन दाबलं. मग यंत्र म्हणालं, भूत आवडलं असल्यास एक दाबा. भाऊने शिवी दाबली, ती यंत्राला कळली नाही. शेवटी एकदाची एक खरीखुरी मुलगी फोनवर आली.

“माझ्या बहिणीचा आवाज तुम्ही वापरताय,” भाऊ म्हणाला. “ती वारलीय.”

“सॉरी सर. मृत व्यक्तींच्या वतीने तक्रार घेता येत नाही. त्यांनी स्वतः फोन करायला हवा.”

“ती स्वतः फोन करतेय, हीच तर तक्रार आहे!”

त्या मुलीचा आवाज बदलला, पाठ केलेलं संपलं. “शीळ वाजते त्या ताई का? त्या दर भागानंतर करतात फोन. मला फार आवडतात. नंबर दिसत नाही त्यांचा कधी. मागे कसला तरी आवाज असतो. ओले कपडे झटकल्यासारखा.”

भाऊने कानाचा फोन दुसऱ्या कानाला लावला. का, ते त्यालाही माहीत नाही.

“तुम्ही त्यांचे भाऊ का?” मुलगी म्हणाली. “विचारत असतात, तो जेवतो का वेळेवर म्हणून. मी म्हटलं, ताई, तुमचा भाऊ आम्हाला कसा माहीत? तर म्हणाल्या, करेल तो फोन.”

भाऊ बायकोला म्हणाला, फोन नीट लागला नाही.

मग तो तुमच्या कचेरीत आला. आठवतोय का? नसेल. काचेचं दार, दाराशी पहारेकरी, आत एक बाई नखं वाळवत बसलेली. भाऊने सांगितलं. तिने विचारलं, संमतीपत्र आहे का? कुणाचं? मृत व्यक्तीचं. भाऊ म्हणाला, ते आता कुठून आणू? ती म्हणाली, मग आवाज तुमच्या बहिणीचा आहे हे आम्ही कशावरून मानायचं? भाऊ म्हणाला, कवळी मी बनवलीय. त्यावर पहारेकरी हसला. सगळ्या आयुष्याची कारागिरी एका पहारेकऱ्याच्या हसण्यात निघाली. भाऊ परत फिरला तेव्हा तुमच्या भिंतीवर भिंतवालीचं केवढं तरी मोठं चित्र लावलेलं होतं, पाठीचं. त्याला उगाचच वाटलं की ती मघापासून ऐकत होती.

तेवढ्यात तुम्ही जाहीर केलंत की पुढच्या भागानंतर फोन थेट घेणार, तिथल्या तिथे, आणि प्रश्न एकच: भिंतवालीला आता जाऊ द्यायचं की ठेवायचं? मतं त्यापुढेही काही दिवस घेणार, आणि लोकांचा कौल जिकडे जास्त तसं पुढे होणार. आणि जाऊ दिलं, तर मालिका बंद.

“नामी संधी आहे,” वकील म्हणाले. “फोन थेट असणार. भाऊ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसतील. त्या वेळी शीळ वाजली तर भाऊ निर्दोष. नाही वाजली तर...” त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

“उद्या म्हणाल, मी पोटातून बोलतो,” भाऊ कडाडला. “तोंडच बंद करून बसतो ना! माझ्याकडे सामान आहे.”

आणि खरंच, त्या संध्याकाळी भाऊ जबड्याचं माप घ्यायचे दोन ट्रे, एक वरचा, एक खालचा, आणि लगदा कालवायची वाटी घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी आला. बायको म्हणाली, “अहो, लोकांचं ऐकून तोंडात काय काय घालून घ्याल?” पण भाऊ इरेला पेटला होता. भाग संपता संपता त्याने लगदा कालवला, ट्रे भरले, आणि वकिलांकरवी दोन्ही जबड्यांवर दाबून घेतले. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, ओठांच्या कोपऱ्यातून गुलाबी लगदा बाहेर आला. ताईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी तो बसला होता, आणि खरं सांगायचं तर दोघांत भूत कोण हे परक्याला ओळखता आलं नसतं.

बाईंनी त्या दिवशी टीव्ही बंद केला नाही, दिवाही लावला नाही. खिडकीबाहेर उजेड मावळत होता. टीव्हीच्या निळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे बुडालेले. तिकडे तुमची निवेदिका फोनवर फोन घेत होती. कुणी म्हणत होतं ठेवा, कुणी म्हणत होतं जाऊ द्या. विमावाल्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. वकील भाऊकडे बघून मान हलवायला लागले, झालं, सापडलात, अशा अर्थाची.

“पुढचा फोन,” निवेदिका म्हणाली. “बोला ताई.”

आधी नुसता ओल्या कापडाचा झटका. मग,

“तिला जाऊ द्या,” आवाज म्हणाला. शीळ आली नव्हती, कारण ‘स’च आला नव्हता. सगळ्यांचे कान ताणले गेले. “सगळ्यांचं बोलणं ऐकून झालं तिचं. आता सोडा.” आली. दोन्हीदा. वारा फटीतून आल्यासारखी. “आणि तो खुर्चीत बसलाय ना, त्याच्या तोंडातलं काढा आधी. सुकलं की दात घेऊन येतं ते. त्याला सांगून काही उपयोग नाही, लहानपणापासून हट्टी आहे.”

फोन ठेवल्याचा आवाज. निवेदिका म्हणाली, “हा हा, ताई फारच विनोदी आहेत!” आणि साबण.

मुख्याध्यापिकाबाईंची दातखीळ बसली. विमावाले खुर्चीवरून उठले ते थेट दारापर्यंत गेले, पण दार उघडून अंधाऱ्या जिन्यात जायची त्यांची छाती होईना, म्हणून तिथेच दाराला पाठ लावून उभे राहिले. भाऊची बायको तेवढी भानावर होती. ती वकिलांवर ओरडली, “ऐकलं नाही का ताईंनी काय सांगितलं? काढा ना ते!”

वकिलांनी खालचा ट्रे कसाबसा काढला आणि वरचा धरला. लगदा दगडासारखा झाला होता. त्यांनी ओढला, भाऊने टेबल धरलं, बायकोने भाऊला धरलं. ‘फट्’ असा आवाज झाला. ट्रे आला, आणि त्याच्याबरोबर भाऊचा पुढचा दात आला, जो मुळात खोटा होता आणि त्याने स्वतःच बसवला होता. लगद्यात रुतून तो तिथे हसत होता.

“सांभाळा,” भाऊ म्हणाला. आणि शीळ वाजली.

सगळे दचकून टीव्हीकडे बघायला लागले. टीव्हीवर साबणच होता. शीळ भाऊच्या तोंडातून आली होती.

आळ गेला. पण तेवढ्याने भाऊला समाधान नव्हतं. आता तुमच्यासारख्या माणसांना हे समजणार नाही, पण प्रयत्न करा. ज्या माणसाला भुताचा शब्द ऐकवत नव्हता, तो आता दिवसभर भुताचाच विचार करत होता. त्याला उमगलं होतं की ही मालिका चालू आहे तोवर ताई बोलते. मालिका बंद, फोनची सोय बंद, की तीही बंद. म्हणून भाऊ दारोदार फिरला. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना, दवाखान्यातल्या डॉक्टरांना, कवळ्या न्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना त्याने गळ घातली. फोन करा, भिंतवालीला ठेवा म्हणा. एका आजोबांना तर त्याने बजावलं की ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय कवळी मिळणार नाही. आजोबांनी बोळक्या तोंडाने ‘थेवा’ म्हणून फोन केला. यंत्राला तो कळला नाही. पुढचा दात त्याने बसवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, वेळ नाही.

बायकोला सगळं कळत होतं. ती एकदाच बोलली. “अहो, ती स्वतः म्हणाली ना, जाऊ द्या म्हणून?”

“भिंतवालीबद्दल म्हणाली ती.”

“हो का?” बायको म्हणाली आणि कामाला लागली.

मंडळाची शेवटची बैठक भरली. आपलं एकत्र मत ठरवायचं आणि बाईंनी ते फोनवर कळवायचं, असं ठरलेलं. लाखो मतांतलं एक मत, पण मंडळाने त्याला असा चेहरा लावला होता की जणू निकाल त्यांच्याच हातात. वकील आणि विमावाले म्हणाले, ठेवा. मुख्याध्यापिकाबाई आणि भाऊची बायको म्हणाल्या, जाऊ द्या. बरोबरीत.

“नियमाप्रमाणे आधी खुर्ची, मग भाऊ स्वतः,” बाई म्हणाल्या. या खेपेला त्यांनी खुर्चीकडे बघायचं टाळलं. “भाऊ. ताईचं म्हणणं?”

भाऊच्या तोंडाशी ‘ठेवा’ आलेलं होतं. खोटं बोलला असता तर त्याला कोण पकडणार होतं? रिकामी खुर्ची थोडीच हात वर करून हरकत घेणार. एक शब्द, आणि ताई आणखी वर्षभर, कदाचित दोन, त्या निळ्या उजेडात त्याच्या जेवणाची चौकशी करत राहिली असती.

“सगळ्यांना...” त्याने सुरुवात केली. आणि शीळ वाजली. त्याच्याच तोंडातून, त्याच्याच फटीतून, पण हुबेहूब. खोलीतली हवा थंड झाली. बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. त्या आवाजात खोटं बोलणं भाऊला जमेना. जीभ त्या फटीत जाऊन अडली आणि तिथेच राहिली.

“ताईचं म्हणणं,” तो शेवटी म्हणाला, “तिला जाऊ द्या.”

“आणि तुमचं स्वतःचं?” वकिलांनी आशेने विचारलं. “तुम्ही ‘ठेवा’ म्हणालात तर बरोबरी होते. फेरविचार मागता येईल.”

भाऊने खाली बघितलं. “माझंही तेच,” म्हणाला. तेवढ्या शब्दांत ‘स’ नव्हता, म्हणून आवाज पूर्ण त्याचा होता आणि तो फुटला.

लोकांचाही कौल तोच निघाला. शेवटच्या भागात तुम्ही तिला वळवलीत. चेहरा दाखवलात. इतके दिवस लोकांनी किती काय काय कल्पिलं होतं, आणि निघाला तो एका दमलेल्या बाईचा साधा चेहरा. तिने घरातल्या एकेका वस्तूकडे बघितलं, आणि दार उघडून बाहेर गेली. दार उघडंच राहिलं. मंडळात कुणी चर्चा केली नाही. त्या दिवशी भाऊ जेवला, वेळेवर, बायकोने न सांगता.

सकाळी त्याने तुमच्या कक्षाला फोन लावला. काही विचारायचं नव्हतं. नुसतं सांगायचं होतं त्या मुलीला, की जेवतो म्हणून.

“सर, बरं झालं तुम्ही केलात,” मुलगी घाईघाईने म्हणाली. मागे खोकी ओढल्याचे आवाज येत होते. “आम्ही आजपासून बंद. काल भाग संपल्यावर ताईंचा फोन आला होता. शेवटचा म्हणाल्या. भाऊसाठी आहे म्हणाल्या. चांगलं बराच वेळ बोलत होत्या. मी रेकॉर्ड केलंय.”

“ऐकव मला,” भाऊ म्हणाला.

“नाही ऐकवता येणार सर. रेकॉर्डिंग वाहिनीच्या मालकीचं असतं. साहेबांची परवानगी लागते. मी विचारलं होतं हो, खरंच विचारलं. साहेब म्हणाले—” आणि लाइन तुटली. परत लावला तर यंत्र म्हणालं, या क्रमांकाची सेवा अस्तित्वात नाही.

तेव्हापासून भाऊ तुमच्या काचेच्या दाराशी येतो. पहारेकरी आता हसत नाही, नुसता मान हलवतो. नखंवाली बाई म्हणते, अर्ज आलेला आहे, वर गेलेला आहे. वर कुठे, ते तिलाही माहीत नाही. तुमची नवी मालिका सुरू झाली, तिच्यात म्हणे विहीर आहे. ती मुलगी कुठे कामाला लागली कुणास ठाऊक. आणि बहिणीचं आपल्या भावासाठी केलेलं बोलणं, चांगलं बराच वेळ केलेलं, तुमच्या कुठल्यातरी कपाटात पडून आहे, आणि ते ऐकायचा अधिकार तुमच्यातल्या ज्या माणसाला आहे त्याला ऐकायची गरज नाही.

साहेबांनो, मालिका तुमची, भिंत तुमची, ती मालकीणबाईही तुमची. त्यातलं काही नको. नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही, साबणाबद्दल माफीसुद्धा नको. पण ते बोलणं तुमचं नाही. तुमच्यापैकी कुणीतरी ते कपाट उघडलंय, बटण दाबलंय, ऐकलंय. नाहीतर ‘नाही’ कशाच्या जोरावर म्हणालात?

ताई काय म्हणाली?

सांगा.